डिफरन्शियल आणि शिम

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाटाच्या वळणावर ट्रकचं बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. हा फरक सांभाळतो डिफरन्शियल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी 1820च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं.

रिमोटवर चालणाऱ्या 1:10 प्रमाणातल्या ट्रकमध्येही तत्त्व तेच. तिथे डिफरन्शियलचे गिअर नीट जुळवायला शिम वापरतात.

• शिम: पातळ पोलादी चकती, जाडी बहुधा 0.1 ते 0.3 मिमी.

• क्राउनच्या (डिफरन्शियलवरच्या मोठ्या गिअरच्या) मागच्या बाजूला शिम घातली की तो पिनियनजवळ (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरजवळ) सरकतो, दात्यांमधला प्ले (मोकळी फट) कमी होतो.

• प्ले जास्त: दाते घसरतात, तुटतात. फार कमी: गिअर जड फिरतो, तापतो. किंचित प्ले हवाच. तो क्राउनच्या पूर्ण फेऱ्यात तपासायचा, एकाच जागी नव्हे.

• डिफरन्शियलच्या आतलं सिलिकॉन तेल जितकं घट्ट, तितकी दोन चाकांच्या वेगातली मोकळीक कमी.