इंधन-इंजेक्टरची परीक्षा आणि अनुमानाची मर्यादा

१

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या चार सिलिंडरांपैकी एक नीट काम देईनासा झाला, एंजिन अडखळू लागले आणि ठिणगी पाडणारी यंत्रणा निर्दोष आढळली, म्हणजे संशय साहजिकच त्या सिलिंडरास इंधन पुरविणाऱ्या इंजेक्टरवर येतो. परंतु हा संशय सिद्ध कसा करावयाचा? इंजेक्टरची सुई बंद कवचात असते. ती मिलिमीटरच्या एका दशांशाच्या घरात वर उचलली जाते, आणि उघडून पुन्हा मिटण्याचा तिचा सारा व्यापार काही मिलिसेकंदांत आटोपतो. डोळ्यांना तो दिसणे शक्य नाही. गॅरेजमधील जुना प्रघात असा की, लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरला टेकवून त्याची मूठ कानाशी धरावी व टकटक ऐकावी. दुसरा उपाय म्हणजे इंजेक्टरच्या वेटोळ्याचा विद्युत् रोध मीटरने मोजणे. पहिल्या उपायाने काही तरी हालते एवढेच कळते. दुसऱ्याने वेटोळे स्वस्थ असताना कसे आहे तेवढे कळते. काम करीत असलेल्या इंजेक्टरविषयी दोन्ही उपाय जवळजवळ मुके आहेत.

दोलनदर्शक, म्हणजे ऑसिलोस्कोप, आणि तारेभोवती बसविण्याचा प्रवाहमापक चिमटा यांच्या साहाय्याने ही उणीव भरून निघते. पडद्यावर जी रेषा उमटते ती सुईच्या हालचालीचे चित्र नव्हे. ती वेटोळ्यातील प्रवाहाची नोंद आहे. रेषेवरून सुईकडे आणि सुईवरून इंधनाकडे जाणे हे अनुमान होय. हे अनुमान कोठपर्यंत प्रमाण मानावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन-मानके देशभर लागू झाल्यावर नव्या मोटारसायकली व स्कूटरीही बहुतांशी कार्बुरेटर सोडून इंजेक्टरवर आल्या. त्यामुळे चुकीच्या अनुमानाचा भुर्दंड आता सामान्य वाहनधारकास सोसावा लागतो.

२

प्रथम रचना पाहू. येथे विचारात घेतलेला इंजेक्टर हवेच्या आगमनमार्गात, झडपेच्या अलीकडे इंधन फवारणारा आहे. त्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे, लोखंडी गाभा, सुईशी जोडलेला लोखंडी चालता भाग, सुईला बैठकीवर दाबून धरणारी स्प्रिंग आणि तळाशी सूक्ष्म छिद्रे असतात. पाठीमागे इंधन सामान्यतः तीन-साडेतीन बार दाबाखाली उभे असते. वेटोळ्याचे एक टोक बॅटरीच्या धन बाजूस कायम जोडलेले असते; दुसरे टोक नियंत्रक संगणकाकडे जाते. संगणक आपल्यातील ट्रांझिस्टरद्वारा हे टोक जमिनीस जोडतो, तेवढा वेळ प्रवाह वाहतो. अशा वेटोळ्याचा रोध बहुधा १२ ते १६ ओहम असतो. एंजिन चालू असताना १४ व्होल्ट दाब आणि १४ ओहम रोध धरल्यास प्रवाहाची कमाल मर्यादा १ अँपिअर येते. तापलेले एंजिन मिनिटाला ८०० फेरे या मंद गतीने चालत असता, दर दोन फेऱ्यांत एकदा या हिशेबाने, प्रत्येक इंजेक्टरची पाळी १५० मिलिसेकंदांनी येते आणि आज्ञा साधारण दोन-तीन मिलिसेकंद टिकते.

आज्ञा सुरू होताच प्रवाह १ अँपिअरवर उडी घेत नाही. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार वेटोळ्यातील वाढते चुंबकीय क्षेत्र त्याच वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण करते, आणि लेंट्स यांच्या १८३४ च्या नियमानुसार हा दाब वाढीला विरोध करणारा असतो. म्हणून प्रवाहाची रेषा प्रथम वेगाने चढते व पुढे क्रमाने आडवी होऊ लागते.

या चढणीत एके ठिकाणी लहानशी खाच पडते. परीक्षेचे मर्म तेथे आहे. चुंबकाचे बळ स्प्रिंग व इंधनाचा दाब यांच्यावर मात करण्याइतके झाले की चालता भाग गाभ्याकडे ओढला जातो. मधील हवेची फट आकुंचित होते, वेटोळ्याचे प्रवर्तन वाढते, आणि या हालचालीमुळेच आणखी एक विरोधी दाब उत्पन्न होतो. त्यामुळे प्रवाहाची वाढ क्षणभर थबकते किंवा प्रवाह किंचित घसरतो. हालचाल संपताच रेषा पुन्हा चढू लागते, पण प्रवर्तन वाढलेले असल्याने तिची चढण आता अधिक मंद असते. ही खाच आज्ञेनंतर साधारण एक ते दीड मिलिसेकंदाने दिसते. ती गतीचे कार्य आहे, आणि कार्यावरून कारणाचे ज्ञान होत असल्याने न्यायदर्शनाच्या परिभाषेत हे 'शेषवत्' अनुमान ठरते. पूर आलेल्या नदीवरून वरच्या प्रदेशात पाऊस पडल्याचे जाणावे तसे.

३

प्रवाहमापक चिमटा तार न तोडता काम करतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधून काढलेल्या परिणामावर तो आधारलेला आहे: प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकीय क्षेत्र आडवे लागू केले असता तिच्या दोन कडांत विद्युत् दाब उत्पन्न होतो. तारेभोवतीचे क्षेत्र अशा रीतीने दाबात रूपांतरित होऊन दोलनदर्शकाकडे जाते. दर अँपिअरला १०० मिलिव्होल्ट हे प्रमाण या कामी सोईचे पडते. केवळ प्रत्यावर्ती प्रवाह मोजणारा साधा रोहित्र-चिमटा येथे निरुपयोगी होय.

कृतीत चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. चिमटा तारेवर चढविण्यापूर्वी शून्यावर आणावा. त्याच्या जबड्यात इंजेक्टरची एकच तार घ्यावी. दोन्ही घेतल्यास परस्परविरुद्ध क्षेत्रे एकमेकांस छेदतात आणि रेषा शून्यावर पडून राहते. चिमट्यावरील बाण प्रवाहाच्या दिशेने असावा. तो उलट असल्यास आलेखही उलटा येतो. दोलनदर्शकाच्या दुसऱ्या वाहिनीवर नियंत्रक तारेतील विद्युत् दाब घ्यावा आणि पडद्यावरील चित्र त्याच्या आधारे स्थिर करावे. हा दाब एरवी बॅटरीइतका असतो, आज्ञेच्या काळात शून्याजवळ उतरतो आणि आज्ञा संपताच क्षणभर ६० ते ८० व्होल्टपर्यंत उसळतो. म्हणून दोलनदर्शकाचे प्रवेशद्वार तेवढा दाब सोसणारे नसेल तर दाब घटविणारी जोडतार वापरणे आवश्यक आहे. ही उसळी ओसरताना तिच्या उतारावर एक अस्पष्ट उंचवटा दिसतो. तो सुई बैठकीवर परतल्याचा सूचक होय.

चारही इंजेक्टरना प्रवाह पुरविणाऱ्या सामाईक तारेवर चिमटा लावल्यास चारही आलेख एकामागून एक मिळतात. तुलनेच्या दृष्टीने ही मांडणी अत्यंत उपयुक्त आहे.

४

आलेखाचे वाचन करताना एकट्या आकृतीला निश्चित अर्थ देण्याचा मोह टाळावा. भाषेच्या अभ्यासकास हे नवे नाही. चिन्हाचे मूल्य शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदातून ठरते, हे सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाविज्ञानाच्या परिचयाचे तत्त्व आहे. इंजेक्टरच्या आलेखालाही ते लागू पडते.

एका इंजेक्टरच्या रेषेचे शिखर १ अँपिअरच्या जवळ न जाता पाऊण अँपिअरवर अडले, असे समजा. वेटोळेच सदोष आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु आरंभीची चढण दाब आणि प्रवर्तन यांवर अवलंबून असते, रोधावर नव्हे. शिखर मात्र रोधाने ठरते. चढणीचा आरंभ शेजाऱ्यांसारखाच असून शिखर तेवढे खाली असेल, तर मार्गात कोठे तरी जादा रोध शिरला आहे. गंजलेल्या जोडणीने ४ ओहमची भर घातली की १४ व्होल्टना १८ ओहम भेटतात आणि मर्यादा ०.७८ अँपिअरवर येते. येथे दोष जोडणीत असण्याचा संभव मोठा आहे. इंजेक्टर बदलून पैसे वाया जातील. उलट, रेषा शेजाऱ्यांपेक्षा ताठ चढून अधिक उंच गेली, तर वेटोळ्याचे काही वेढे आपापसांत जुळले असावेत. वेढे घटले की रोध व प्रवर्तन दोन्ही घटतात.

खाचेच्या स्थानाविषयीही असेच म्हणता येईल. चारही खाचा उशिरा पडत असतील तर कारण सामाईक असणार: बॅटरीचा दाब उतरलेला किंवा इंधनाचा दाब वाढलेला. एकच खाच उशिरा पडत असेल तर त्या सुईला चिकटा धरला असल्याचा संशय योग्य ठरतो. खाच मुळीच नसून रेषा सलग गुळगुळीत असेल तर सुई अडकली असावी. मग ती उघडी अडकली की मिटलेली, हे ही रेषा सहसा सांगत नाही. काही रचनांत निर्दोष इंजेक्टरचीही खाच फार पुसट असते, म्हणून येथेही शेजाऱ्यांची साक्ष काढावी लागते. शंका उरल्यास इंधनाचा दाब उतरवून दोन इंजेक्टरांची अदलाबदल करावी. दोष इंजेक्टरबरोबर गेला तर तो त्याचा. जागीच राहिला तर तारांचा, नियंत्रकाचा किंवा सिलिंडराचा. अन्वय आणि व्यतिरेक यांनी कारण निश्चित करण्याची ही पद्धती होय.

५

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. खाच योग्य जागी, शिखर योग्य उंचीवर, चारही रेषा एकमेकींसारख्या. तरीही सिलिंडर उपाशी असू शकतो काय? असू शकतो.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अग्नीवरून धूर सिद्ध करू पाहणाऱ्याचे उदाहरण आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष असते. परंतु अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष ठरते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. ही अट म्हणजे 'उपाधी'. खाचेवरून सुईच्या हालचालीचे अनुमान हे धुरावरून अग्नीकडे जाण्यासारखे आहे. सुईच्या हालचालीवरून इंधनाच्या फवाऱ्याचे अनुमान मात्र अग्नीवरून धुराकडे जाण्यासारखे आहे, आणि येथेही उपाधी इंधनाचीच आहे. पंप बंद पडून इंधनवाहिनी रिकामी झाली तरी वेटोळे सुईला ओढतेच आणि खाच पडतेच. छिद्रे जळक्या थराने बुजली असता सुई मोकळेपणाने हालते, खाच निर्दोष दिसते, पण फवारा क्षीण असतो. बैठकीतून इंधन ठिबकत असेल तर त्याचाही या रेषेत मागमूस नसतो.

म्हणून फवाऱ्याचा निर्णय वेगळ्या प्रमाणाने करावा लागतो. इंधनवाहिनीला दाबमापक जोडून पंप थांबवावा, प्रत्येक इंजेक्टर सारख्याच काळासाठी उघडावा आणि दाब किती उतरला ते ताडून पाहावे. ज्याच्या वेळी उतार कमी, त्याचा मार्ग अरुंद झालेला असतो. याहून निश्चित उपाय म्हणजे इंजेक्टर काढून चाचणी-मेजावर बसविणे आणि ठरावीक स्पंदांत मापनळीत जमलेले इंधन मोजून फवाऱ्याचा आकार प्रत्यक्ष पाहणे.

वरील व्याप्ती एका वर्गापुरती आहे, हेही सांगितले पाहिजे. दोन-तीन ओहम रोधाच्या इंजेक्टरांत नियंत्रक प्रथम मोठा प्रवाह सोडतो व नंतर तो आवरून धरतो. त्यांची रेषा निराळी असते. सिलिंडरातच इंधन फवारणाऱ्या एंजिनांत आरंभी बॅटरीहून पुष्कळ अधिक दाब दिला जातो. दाबविद्युत् स्फटिकावर चालणाऱ्या इंजेक्टरांत तर वेटोळेच नसते. ते विद्युत् धारित्राप्रमाणे वागतात, आणि तेथे खाच शोधणे व्यर्थ आहे. या इंजेक्टरांचा दाब अनेक पटींनी अधिक व जीवास धोकादायक असल्याने वर सांगितलेली जोडणी त्यांस लागू करू नये.

तात्पर्य, प्रवाहाची रेषा तीन गोष्टी सांगते: आज्ञा आली की नाही, मार्ग व वेटोळे धड आहेत की नाहीत, आणि सुई हालली की नाही व केव्हा. इंधन पोचले की नाही, हे ती सांगत नाही. परीक्षकाने अहवालात "इंजेक्टर निर्दोष" असे न लिहिता "विद्युत् मार्ग निर्दोष, सुई चलित, इंधनप्रवाह तपासावयाचा" असे लिहावे. शब्द तीन-चार अधिक लागतात. परंतु त्यांत सिद्ध काय झाले आणि गृहीत काय धरले हे वेगळे राहते, आणि वाहनाच्या मालकाचा विनाकारण होणारा खर्चही टळतो.