बंपरवरचे फोकस

कारंजा, शेलूबाजार, मालेगाव. जुन्या नागपूर–संभाजीनगर रस्त्यावर या गावांजवळ रात्री उभे राहिले, की ट्रक दिसण्याआधी त्याच्या बंपरवरचे फोकस दिसतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग याच भागातून सुरू झाला. पण खेड्यांतून बाजार समितीकडे निघालेले सोयाबीन अजून अंधाऱ्या रस्त्यांवरूनच जाते. तिथे रोही, म्हणजे नीलगाय, कधी आडवा येईल याचा नेम नाही. त्याच्या डोळ्यातल्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे जनावर दिसायच्या आधी काळोखात दोन ठिपके चमकतात.

एलईडी फोकसच्या हातभर पट्टीत मावणाऱ्या उजेडामागे एक निळा स्फटिक आहे. लाल एलईडी १९६२ सालीच निघाला. तेजस्वी निळ्यासाठी मात्र तीसेक वर्षे गेली, कारण गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढता वाढत नव्हते. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांनी तो तिढा सोडवला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवले. फोकसचा पांढरा उजेड मुळात निळाच. चिपवरचा पिवळा लेप त्यातला काही भाग पिवळा करतो आणि दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरे वाटते. फोकस बंद असताना काचेतून आत पाहावे. चिपा पिवळ्या दिसतात.

आता जोडणी. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात. कारचा १२ व्होल्टचा फोकस स्वस्तात मिळाला म्हणून काही जण एकाच बॅटरीवरून वायर काढतात. फोकस लागतो, पण ती बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते. २४ व्होल्टवर ४८ वॅटचा एक फोकस २ अँपिअर खेचतो, जोडी ४. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बारीक स्विचमधून नेऊ नये, म्हणून मध्ये रिले. तिच्या ८५ आणि ८६ या पायांत कॉइल, ३० वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ वरून फोकस. हे आकडे एका जर्मन मानकातले; ते गॅरेजपर्यंत तसेच पोचले.

पावसाळ्यात एक गंमत होते. हॅलोजनची काच स्वतःच्या धगीने सुकते. एलईडीची उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांतून निघून जाते, काच थंडच राहते, आणि काळ्या मातीचा चिखल तिला चिकटून बसतो.

माझ्या मते चांगल्या फोकसचे खरे कौतुक त्याचा उजेड कुठे थांबतो यात आहे. धुक्यासाठीच्या दिव्याचा झोत खाली, रुंद आणि वरून सुरीने कापल्यासारखा असतो. उजेड वर गेला तर धुक्याचे थेंब तो ड्रायव्हरच्याच डोळ्यांत परत फेकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ वाहनाच्या पुढे सर्चलाइट सहसा लावू देत नाहीत. झोत किती खाली हवा हेही ते मापाने सांगतात: दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरचा डोळा दिपता कामा नये. दीड मीटर, म्हणजे साधारण उभ्या माणसाची नजर.

तपासायला भिंत आणि खडू पुरतो. भिंतीवर दिव्याच्या उंचीची रेघ मारायची, ट्रक ८ मीटर मागे घ्यायचा. झोताची वरची कड रेघेखाली राहिली पाहिजे. मात्र ट्रक भरलेला हवा. पोती चढली की मागचा भाग दबतो, नाक उचलते आणि रिकाम्या ट्रकवर नीट बसवलेला झोत समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जातो.