रोजा सुटायला वीस मिनिटं

आपल्या घरात उपास म्हटला की आदल्या रात्री साबुदाणा भिजतो, बाजारातून रताळी येतात आणि चहा तर चालतोच. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपणच आपल्यावर केलेली. त्यामुळे रोजा असलेल्या सहकाऱ्याला आपला पहिला प्रश्न ठरलेला: ‘पाणीसुद्धा नाही?’ नाही. पहाटेचं खाणं, म्हणजे सहरी, संपली की सूर्य मावळेपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही, सिगारेटही नाही. असे एकोणतीस किंवा तीस दिवस. हे सांगून सांगूनच त्याच्या घशाला कोरड पडत असेल.

खरं तर त्याला आपल्या हळहळीपेक्षा आपल्या घड्याळाची मदत जास्त होते.

दिवस कसा जातो

हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. आपल्यासारखा अधिक महिना त्यात नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१६ मध्ये तो जूनमध्ये होता, २०२६ मध्ये फेब्रुवारीत आला. मुंबईत जूनचा रोजा साडेचौदा तासांच्या घरात जातो, फेब्रुवारीतला तेरा तासांच्या. नागपुरात सूर्य आधी मावळतो, त्यामुळे तिथला रोजा मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी सुटतो.

रात्री तरावीहची नमाज, पहाटे पुन्हा सहरीसाठी उठायचं. म्हणजे भुकेइतकीच झोपही मोडलेली. चहाबाजांचं पहिले चार दिवस डोकं दुखतं. तरीही सकाळी माणूस ताजा असतो. डोकं चालवायचं काम, लांबची फेरी, महत्त्वाची बैठक सकाळी ठेवली तर दोघांचंही भलं. संध्याकाळी सहाला सुरू झालेली आणि ‘बस, दोनच मिनिटं’ म्हणत लांबलेली बैठक मात्र सगळ्यात वाईट. रोजा सुटायला वीस मिनिटं उरली की त्याला जाऊ द्या. ‘जाऊ का?’ असं विचारायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

त्याच्यासमोर डबा उघडायचा की नाही? खुशाल उघडा. रोजा त्याचा आहे, आणि बहुतेकांना आपल्या खाण्याचं काही वाटत नाही. लपूनछपून खाल्लं की उलट त्यालाच अवघडल्यासारखं होतं. फक्त ‘एक घास घे रे’चा आग्रह नको. वाढदिवसाच्या केकचा तुकडा डब्यात बाजूला काढून ठेवला की पुरे.

न विचारलेलं बरं

‘आज रोजा नाही वाटतं?’ हा प्रश्न सहज तोंडातून जातो, विशेषतः बायकांसमोर. आजारी, प्रवासी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई यांना रोज्यातून सूट आहे, आणि मासिक पाळीत तर रोजा ठेवायचाच नसतो. सुटलेले रोजे मागाहून भरून काढतात. पण हे चारचौघांत कोण सांगणार? म्हणून कितीतरी जणी त्या दिवसांतही कोपऱ्यात जाऊन घाईघाईने घोटभर पाणी पितात. ‘कावळा शिवला’ म्हणून वेळ मारून नेणाऱ्या आपल्या घरांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. वजन किती उतरलं, ही चौकशीही तशीच नकोशी.

गप्प बसायचं नाही असा एकच प्रसंग. मधुमेह असलेल्या माणसाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं, तर रोज्याचा विचार न करता साखर द्या आणि डॉक्टरांना बोलवा. जिवावर बेतलं तर रोजा सोडायला धर्माची ना नाही.

ईदच्या रजेची तारीखही न विचारलेली बरी. चंद्र दिसल्याशिवाय दिवस पक्का होत नाही. ‘नक्की कधी ते सांग’ म्हणून मागे लागण्यापेक्षा दोन्ही दिवसांची सोय करून ठेवावी.

एवढं करूनही कधी उशीर होतोच, आणि संध्याकाळच्या गच्च लोकलमध्ये कुणाचा तरी रोजा सुटतो. खजुराची डबी उघडते, आधी शेजाऱ्यांपुढे फिरते. आपला उपास नाही म्हणून हात मागे घेऊ नका. एक खजूर उचला आणि त्याला पाण्याची बाटली तोंडाला लावता यावी एवढी कोपरभर जागा करून द्या.