लाकूड आणि नाद, लेखांक 6 : आधी पाणी, मग सरस

गेल्या आठवड्यात शिसवीच्या दोन फळ्या उघड्या पुस्तकासारख्या जोडून गिटारची पाठ कशी करतात ते पाहिलं. आता तीच पाठ एप्रिलात हर्सूलला आणू.

माझ्या भाच्याने तशा पाठीची गिटार आणली होती. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला टेकवून ठेवलेली. हर्सूल तलावाचा काठ भेगाळू लागतो त्या दिवसांत दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते. गिटारला मानवते ती 45 ते 55. एका रात्री ‘टक्’ असा आवाज झाला. त्याला वाटलं, पाल पडली. सकाळी बघतो तर पाठीवर वीतभर चीर.

लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. 40 सेंमी रुंदीची पाठ अर्धा टक्का आकसली तर ती 2 मिमी कमी भरायला हवी. पण आतून तिला आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या लांबीत तसूभर हलत नाहीत. पाठीला आकसू दिलं जात नाही, म्हणून ती फाटते.

भाच्याची पाठ तर नक्षीची. फांदी फुटते तिथलं, गाठीजवळचं लाकूड फिरलेल्या रेषांचं असतं आणि गिऱ्हाईक त्यावरच भाळतं. तिथे तंतू फळीला समांतर न राहता वाकून वर येतात, त्यामुळे बोटभर अंतरावरचे दोन भागही सारखे आकसत नाहीत. जे देखणं तेच दुबळं. मला विचाराल तर वाजवायच्या गिटारला सरळ रेषेची शिसवीच बरी. नक्षी कपाटाच्या दाराला शोभते.

एका ओळखीच्या सुताराचा सल्ला होता, फेविकॉल भर आणि शिकंजात आवळ. हे करू नये. सुकलेली फळी जबरदस्तीने मिटवली तर शेजारी दुसरी चीर पडते. भेगेत कडक लांबी भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दोन्ही कडा वर उचलल्या जातात. आधी लाकडाची तहान भागवायची. आम्ही साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवला, डबी गिटारच्या पोटात सोडली आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधली. पहिल्या दिवशी चिरेत पोस्टकार्डाची कड सहज जात होती. पाचव्या दिवशी जाईना. आठव्या दिवशी चीर केसाएवढी उरली.

शिसवी तेलकट, म्हणून चिरेच्या कडा अॅसिटोनने पुसल्या. कडांना पॉलिशपेपर मात्र लावायचा नाही. फाटलेल्या कडा एकमेकींत चपखल बसतात, घासल्या की तो मेळ गेला. मग गरम सरस वरून बोटाने चोळायचा आणि दुसऱ्या हाताने आतून हलकं दाबत-सोडत राहायचं. चीर श्वास घेतल्यासारखी उघडते, मिटते आणि सरस ओढून घेते. फेविक्विकही केसाएवढ्या चिरेत छान धावतं, पण चूक झाली तर माघार नाही. सरस वाफेने पुन्हा सुटतो.

आतून ठिगळं हवीतच. दीड मिमी जाडीच्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या चिपा, रेषा चिरेला आडव्या, दर चार-पाच सेंमीवर एक. नादछिद्र जेमतेम 10 सेंमीचं, आत शिकंजा पोचत नाही. मग एक लोहचुंबक आत चिपेवर, दुसरा बाहेर चामड्याच्या तुकड्यावर. मोबाइलची बॅटरी, छोटा आरसा आणि धीर. भाच्याकडे पहिल्या दोनच वस्तू होत्या.

फट उरलीच तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक पाचर बसवावी. गाठीजवळ चीर वळणं घेते, तिथे पाचर चालत नाही. तेवढ्यापुरता शिसवीचा भुसा इपॉक्सीत कालवून भरावा. एरवी हा लगदा टाळलेला बरा, वाळल्यावर तो काळा पडतो.

यात परदेशी असं काही नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाद्यं दुरुस्त करता करताच सतारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर आतून कापडाची पट्टी सरसाने चिकटवतात. आमच्या चिपांची ती थोरली बहीण. उलट शिसवी इथून बाहेर गेली. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणल्यावर अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1969 मध्ये भारतीय शिसवी धरली. 2017 पासून शिसवीच्या वंशातल्या सगळ्या लाकडांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलं. तयार वाद्यांना 2019 मध्ये त्यातून सूट मिळाली.

भाच्याची चीर आता बोटाला लागत नाही. उजेडात तिरकी धरली तर रेघ दिसते, आणि तो ती प्रत्येकाला दाखवतो. साबणाची डबी पेटीतच असते.

पुढच्या आठवड्यात पोटावरची चीर. तिथे लाकूड मऊ असतं आणि वर तारांचा साधारण 70 किलोंचा ताण.