इरावतीबाईंच्या कवट्या

इथे जर्मनीत आमच्या मंडळाचा मराठी वर्ग चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरतो. मोठ्या मुली मात्र गप्प; मराठी चुकेल ही धास्ती! (मास्टर्सला आलो तेव्हा ‘डेर-डी-डास’पायी आमचीही हीच गत होती.) म्हणून परवा इरावती कर्वे यांची गोष्ट सांगितली. सासरे महर्षी कर्वे, त्यांचाच विरोध. तरी बाई १९२८ साली बर्लिनला आल्या. गोऱ्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व कवटीच्या ठेवणीत दिसते, असे गुरू ऑयगन फिशर यांचे मत. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि ‘वंशाशी संबंध आढळत नाही’ असे प्रबंधात मांडले. डॉक्टरेट १९३० साली मिळालीच.

"तो कवटी वाकडा असतो?" एकीने विचारले. कोणी हसले नाही.

"असते ना. सगळ्यांचीच, थोडी थोडी."