दागिन्याचे मोल आणि कर्जाचे ओझे

चेन्नईहून उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेमार्गावर, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत गुम्मिडिपूंडी हे गाव आहे. सिप्कॉटच्या औद्योगिक वसाहतीमुळे येथे निरनिराळ्या प्रांतांतील कामगार व तंत्रज्ञ येऊन स्थिरावले आहेत, आणि त्यांत आपली मराठी कुटुंबेही आहेत. या भागातील कोणत्याही बँकेच्या शाखेत सकाळी डोकावल्यास एक दृश्य हमखास दिसते. दागिने तारण कर्जाच्या खिडकीसमोर रांग असते. कोणी दागिने घेऊन आलेले असते, तर कोणी सोडवावयास आलेले. येथे सोने हा केवळ शृंगार नव्हे, तो घराचा चालता-बोलता राखीव निधी आहे. म्हणूनच “महागडा दागिना घ्यावा का, आणि त्यासाठी कर्ज काढावे का?” हा प्रश्न ग्राहक आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे उत्तर भावनेच्या भरात न देता आकड्यांच्या आधारे शोधणे इष्ट ठरेल.

प्रथम दागिन्याचे बिल वाचावयास शिकू या. तामिळनाडूत सोन्याचा भाव सवरनमध्ये सांगतात. एक सवरन म्हणजे ८ ग्रॅम. आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आज व्यवहारात तो १० ग्रॅमचा धरतात. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या ग्राहकाची येथेच प्रथम गफलत होते. सोन्याच्या किमतीखाली आणखी दोन शब्द भेटतात, ‘सेय्कूली’ आणि ‘सेदारम’. पहिला म्हणजे आपली मजुरी किंवा घडणावळ, तर दुसरा म्हणजे घट. घडविताना कापण्या-घासण्यात जे सोने वाया जाते त्याची भरपाई ग्राहकाने द्यावी, अशी घटीमागील कल्पना आहे. सराफाच्या दुकानातील केर धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे आपल्याकडील झारेकरी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे ‘वाया गेलेले’ सोने कितपत वाया जाते हे सांगावयास नको. यंत्रावर बनलेल्या साध्या साखळीस हे दोन्ही आकार मिळून कमी पडतात, मात्र नक्षीकाम केलेल्या हारास ते विसांवर टक्के सहज जातात.

आता एक उदाहरण घेऊ. हिशेबाच्या सोयीसाठी २२ कॅरटचा भाव प्रतिग्रॅम १०,००० रुपये धरू. तीन सवरनाचा, म्हणजे २४ ग्रॅमचा हार घेतला. सोन्याची किंमत २,४०,००० रुपये. मजुरी व घट मिळून १८ टक्के, म्हणजे ४३,२०० रुपये. या बेरजेवर ३ टक्के वस्तू व सेवा कर, ८,४९६ रुपये. एकूण बिल झाले २,९१,६९६ रुपये. हाच हार दुसऱ्या दिवशी रोख रकमेसाठी विकावयास नेल्यास मजुरी, घट व कर यांपैकी एक पैसाही परत मिळत नाही. वितळवण्यापोटी २ टक्के कपात धरली, तर हाती २,३५,२०० रुपये येतील. दुकानाची पायरी उतरताच सुमारे ५६,५०० रुपये गेले. ते भरून निघण्यासाठी सोन्याचा भाव २४ टक्क्यांनी वाढावा लागतो. दागिन्यात खडे असतील तर प्रकरण अधिकच कठीण, कारण खड्यांची किंमत घेताना मोजावी लागते आणि देताना बहुधा कोणी विचारीत नाही.

“आमच्याकडचा दागिना पूर्ण भावाने परत घेऊ,” असे सराफ सांगतात व पुष्कळदा ते खरेही असते. परंतु ती सवलत सामान्यतः बदलीसाठी असते. बदली म्हटली की नव्या दागिन्याची मजुरी व घट पुन्हा आलीच.

या संदर्भात आपल्याच माणसांचा उल्लेख करावासा वाटतो. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक आज देशभर विखुरलेले आहेत आणि तामिळनाडूच्या लहानमोठ्या शहरांतही त्यांची दुकाने आहेत. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्या मुशीत पडल्यावर मोर, कमळ, वेलबुट्टी, सारे काही क्षणांत एकरूप होते आणि उरते ते केवळ वजन व शुद्धता. दागिन्याच्या किमतीतील ठेव कोणती आणि हौस कोणती, हे त्या मुशीइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही. हौसेस माझा विरोध नाही. घरातील लग्नात ठुशी किंवा साज घालून मिरवण्यास पैसे मोजावेत, अवश्य मोजावेत. मात्र साडी किंवा मेजवानी यांवरील खर्चाप्रमाणे तो खर्च आहे, हे जाणून मोजावेत. आपल्या आजीच्या पिढीच्या पाटल्या भरीव आणि साध्या असत. त्यात मजुरी थोडी आणि सोने पुष्कळ होते. ती निवड अडाणीपणाची नव्हती.

आता कर्जाचा विचार करू. बँकांनी कोणत्याही स्वरूपातील सोन्याच्या खरेदीसाठी कर्ज देऊ नये, दागिन्यांसाठीही नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नोव्हेंबर २०१२ चा स्पष्ट आदेश आहे. त्यामुळे ‘दागिने खरेदी कर्ज’ असे काही आपल्या बँकेत मिळणार नाही. तरीही घरखर्चाच्या नावाने घेतलेले वैयक्तिक कर्ज सराफकट्ट्यावर पोहोचते, ही वस्तुस्थिती कर्मचारी बंधुभगिनींस ठाऊक आहे. वरील हार १४ टक्के व्याजाच्या तीन वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून घेतला असे समजा. मासिक हप्ता सुमारे ९,९७० रुपये येईल आणि एकूण व्याज सुमारे ६७,२०० रुपये होईल. म्हणजे तो हार शेवटी जवळजवळ ३,५९,००० रुपयांस पडला. केवळ मुद्दल व व्याज निघावे एवढ्यासाठी तीन वर्षांत भाव दीडपटीहून अधिक व्हावयास हवा.

यावर ग्राहकाचा बिनतोड वाटणारा प्रतिवाद ठरलेला असतो : “साहेब, भाव वाढतच असतो.” २०२२ मध्ये ज्यांनी सोने घेतले त्यांना हा हिशेबही फायद्याचा ठरला, हे नाकारता येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये शुद्ध सोन्याने १० ग्रॅमला एक लाख रुपयांची मर्यादा प्रथमच ओलांडली. परंतु २०१२ च्या अखेरीस सुमारे ३१ हजारांवर असलेले हेच सोने २०१५ च्या मध्यास २५ हजारांच्या आसपास उतरले होते आणि जुन्या पातळीच्या वर टिकून राहण्यास २०१९ साल उजाडावे लागले. त्या काळात कर्ज काढून दागिने घेणाऱ्याचे हप्ते मात्र एका महिन्यानेही थांबले नसतील. भाव वर जाईल की खाली, हे कोणी सांगू शकत नाही. हप्त्याची तारीख मात्र कर्जाच्या करारातच लिहिलेली असते.

याउलट, असलेला दागिना तारण ठेवून गरजेपुरते कर्ज घेणे हा निराळा व्यवहार आहे आणि रास्त कारणासाठी तो उपयुक्तही आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये याविषयी नवे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही अंतिम मुदत ठेवली. त्यानुसार घरगुती गरजांच्या कर्जासाठी, अडीच लाखांपर्यंत तारणमूल्याच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी मर्यादा आहे. एकरकमी परतफेडीच्या कर्जात मुदतअखेरचे व्याजही याच मर्यादेत धरले जाते आणि अशा कर्जाची मुदत १२ महिन्यांहून अधिक नसते. मूल्य केवळ सोन्याचे. खडे, मोती, मजुरी हिशेबाबाहेर. म्हणजे आपल्या २,९१,६९६ रुपयांच्या हारावर व्याजासह जास्तीत जास्त २,०४,००० रुपयांचे कर्ज बसते. मोजलेल्या शंभरांतील सत्तरच रुपये बँकेच्या तराजूत उतरतात.

याच निर्देशांतील काही तरतुदी ग्राहकांनी लक्षात ठेवाव्यात. पूर्ण फेड केल्यावर दागिने सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळावयास हवेत. बँकेच्या दिरंगाईमुळे उशीर झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई देय आहे. लिलावाची वेळ आल्यास आधी नोटीस द्यावी लागते आणि कर्ज वजा जाता उरलेली रक्कम कर्जदारास परत करावी लागते. गल्लीतल्या ‘अडगु कडै’त, म्हणजे गहाणवटीच्या दुकानात, चटकन पैसे मिळतात खरे; पण तेथे सही करण्यापूर्वी व्याज दरमहा सांगितले आहे की दरसाल, हे आधी विचारावे. दरमहा ३ टक्के हे ऐकावयास क्षुल्लक वाटते, परंतु वर्षाचे ते ३६ होतात.

दागिना कोणाचा, हाही प्रश्न येथेच येतो. स्त्रीधन ही पत्नीची स्वतंत्र मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच दिला आहे. पतीने ते न विचारता तारण ठेवावयास आणणे, हा केवळ घरगुती वादाचा विषय नव्हे.

सराफांच्या मासिक बचत योजना येथे ‘नगै चीट्टु’ या नावाने घरोघरी पोहोचल्या आहेत. अकरा हप्ते भरावेत आणि वर्षाच्या आत मजुरीत सूट घेऊन दागिना घ्यावा, अशी त्यांची रचना असते. कर्जापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा. मात्र या रकमेस बँक ठेवीप्रमाणे ठेव विम्याचे संरक्षण नाही. २०१९ मध्ये ठाणे-डोंबिवली परिसरात आणि २०२३ मध्ये तामिळनाडूत सराफी पेढ्यांना टाळे लागल्यावर असंख्य बचतदारांची जी परवड झाली, ती वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. तेवढेच पैसे बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकून वर्षाअखेरीस रोखीने घासाघीस करणाऱ्या गृहिणीही मी पाहतो. मजुरीचा टक्का उतरविण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

खरेदी ठरलीच असेल, तर दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरांचा ओळख क्रमांक पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाविना हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो क्रमांक दुकानातच पडताळता येतो. बिलावर निव्वळ सोन्याचे वजन, खड्यांचे वजन आणि मजुरी स्वतंत्र लिहून घ्यावी.

आणि विवाहाच्या सोन्याविषयी एक गोष्ट. तामिळनाडू सरकार गरीब घरच्या वधूस ताळीसाठी, म्हणजे मंगळसूत्रासाठी, २०११ पासून ४ ग्रॅम व २०१६ पासून ८ ग्रॅम सोने देत असे. २०२२ मध्ये त्याच योजनेचे रूपांतर झाले. सरकारी शाळेत शिकून उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या बँक खात्यात दरमहा १,००० रुपये जमा करणारी ‘पुदुमै पेण’ योजना तिच्या जागी आली.