जबलपूरच्या आकाशातील भरती

जबलपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. नर्मदेच्या घाटांवर तेथे भरतीचे पाणी कधीही चढत नाही. तथापि या नगरावरील हवेला मात्र दररोज भरती-ओहोटी येत असते. सूर्याची उष्णता खालच्या थरांतील बाष्प आणि स्थितांबरातील ओझोन शोषून घेतात. दिवसा तापणाऱ्या व रात्री निवणाऱ्या या हवेत चोवीस आणि बारा तासांच्या आवर्तनाचे विशाल तरंग उठतात. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते आणि तरंगांचा हेलकावा वाढत जातो.

सुमारे १०० किलोमीटर उंचीवर हे तरंग आयनांबरात पोहोचतात. तेथील वारा जड आयनांना आपल्याबरोबर ओढून नेतो; हलके इलेक्ट्रॉन मात्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जखडलेले राहतात. या ताटातुटीतून विद्युत्प्रवाह निर्माण होतो. जनित्रात तारेचे वेटोळे फिरते, येथे विद्युत्वाहक हवाच वाहते, एवढाच काय तो फरक. बॅल्फर स्टुअर्ट यांनी १८८२ मध्ये ही कल्पना मांडली. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून नोंदले गेलेले चुंबकीय क्षेत्राचे दैनंदिन चढउतार ही प्रामुख्याने याच प्रवाहांची खूण होय.

या प्रवाहांमुळे आकाशाच्या पहाटेकडील बाजूस धनभार आणि सायंकाळकडील बाजूस ऋणभार साचतो. परिणामी दिवसा पूर्वाभिमुख विद्युत्क्षेत्र तयार होते. भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावर त्यामुळे प्रवाहाचा एक अरुंद, प्रबळ झोत वाहतो. त्याचा अभ्यास करता यावा, हे १९६३ साली थुंबा येथून अग्निबाण सोडण्यास प्रारंभ होण्याचे एक प्रमुख कारण होते. हेच विद्युत्क्षेत्र इलेक्ट्रॉनांना कारंज्याप्रमाणे उंच उचलते. मग ते चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांवर साचतात. उत्तर अक्षांश २३ अंशांवरील जबलपूर बहुधा या दाट पट्ट्यात येते.

उपग्रहांचे संदेश या पट्ट्यातून येताना विलंबतात. दुरुस्ती न केल्यास अंतराच्या मापनात १० मीटरांहून अधिक चूक होऊ शकते. विमानांना मार्ग दाखविणाऱ्या ‘गगन’ या भारतीय प्रणालीला म्हणूनच हा विलंब सतत मोजावा लागतो.

जानेवारी २००९ मध्ये उत्तर ध्रुवावरील स्थितांबर अकस्मात तापले, तेव्हा पेरूमधील हिकामार्का येथील रडारला विषुववृत्तावरील विद्युत्क्षेत्राचा नित्यक्रम बदललेला आढळला: सकाळी ते प्रबळ झाले, तर दुपारी त्याची दिशाच उलटली. दिशा उलटली की कारंजे ओसरते आणि दूरच्या पट्ट्यातील इलेक्ट्रॉनांचा साठा घटतो. जबलपूरच्या आकाशाचा अंदाज बांधण्यासाठी केवळ सूर्याकडे पाहून भागत नाही. ध्रुवावरील हवेचीही वार्ता घ्यावी लागते.